आधी अक्षरं, अर्थ नंतर

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात पाटीवर सगळ्यांत आधी काय उमटतं? उभ्या रेघा. मग आडव्या, मग तिरप्या, मग अर्धगोल. पंधरवडा त्यांत गेला की ‘ग’ किंवा ‘र’. बाई हात धरून गिरवून घेतात, मूल पाटी भरून आणतं, बाई तिच्यावर बरोबरची खूण करतात. यात वावगं काहीच दिसत नाही, म्हणून तर ही कृती इतकी वर्षं टिकली. पण तिच्या पोटात तीन विधानं आहेत. लिहिणं म्हणजे हाताला वळण लावणं. हात तयार झाल्याशिवाय अक्षर येणार नाही. आणि अक्षरं आल्याशिवाय मुलाला लिहिण्यासारखं काही सुचूच शकत नाही. पहिलं विधान अर्धं खरं आहे, दुसरं वादाचं आहे आणि तिसरं साफ चूक आहे.

असं कुणी बोलून दाखवत नाही. बोलायची गरजही पडत नाही. अंकलिपी, भिंतीवरचा तक्ता, बाराखडीची उजळणी, शुद्धलेखनाची वही यांच्यातून ती विधानं आपोआप वर्गात येतात आणि शिक्षक बदलले, पाठ्यपुस्तक बदललं, शासन निर्णय बदलला तरी बसून राहतात. सुरुवातीच्या वाचन-लेखनावर गेल्या शंभर वर्षांत जगभर पुष्कळ लिहिलं गेलं, भारतीय लिप्यांवरही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरंच काम झालं. ते सगळं शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट उठून दिसते. अक्षरं शिकवण्यात दोष नाही, ती शिकवायलाच हवीत. दोष आहे तो ‘एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही’ या समजुतीत. आणि आपली लिपी अशी आहे की ही समजूत तिला रोमनसारख्या लिपीपेक्षा जास्त महागात पडते.

थोडं मागे जाऊ. पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवायचं. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्यानं वाळूत अक्षरं काढणारी मुलं पाहिली, ती युक्ती आपल्या अनाथ मुलांच्या शाळेत आणली आणि 1797 मध्ये तिच्याविषयी लिहिलं. पुढे इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळा त्या ‘मद्रास पद्धती’नं चालल्या. तेव्हाच्या मराठी शाळेत वाचणं आणि लिहिणं या बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टी होत्या. पोथी बाळबोधीत वाचायची, हिशेब आणि पत्र मोडीत लिहायचं. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बाळबोध दोन्हींची मागणी केली. त्या जुन्या शाळेची पद्धत तिच्या हेतूला धरून होती. मूठभर घरांतली मुलं यायची, वळणदार आणि भरभर लिहिणारा हात तयार करायचा, मजकुराचा अर्थ घरच्या वातावरणातून कळणार हे गृहीत. आज वर्गात प्रत्येक घरातलं मूल बसतं आणि हेतू पूर्ण बदलला आहे. गिरवणं मात्र राहिलं.

हाताच्या तयारीचा विचार शास्त्रशुद्ध पद्धतीनं मांडला तो मारिया माँटेसरींनी. 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांनी बालगृह काढलं. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून चार-पाच वर्षांची मुलं एक दिवस एकदम लिहायला लागली, आणि वाचण्याच्या आधी लिहायला लागली, हे त्यांचं निरीक्षण जगभर गाजलं. त्याबरोबर एक बारीक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती मुलं इटालियन लिहीत होती. अक्षरं वीस-एकवीस, उच्चार आणि लेखन जवळजवळ एकास एक. तिथे हात तयार झाला आणि अक्षर-ध्वनीची जोडी बसली की निम्म्याहून अधिक काम झालं.

या पद्धतीवर सगळ्यांत मर्मावर बोट ठेवणारी टीका लेव्ह वायगोत्स्कींनी केली, त्यांच्या लिखित भाषेच्या पूर्वेतिहासावरच्या निबंधात. माँटेसरी शाळेतल्या मुलांनी संचालकांना लिहिलेली शुभेच्छापत्रं त्यांनी उदाहरणाला घेतली आहेत. अक्षर सुंदर, शब्द अचूक. पण मुलाला स्वतःला सांगायचं असं त्यात काही नाही. लिहिणं हे हाताचं कौशल्य म्हणून शिकवलं जातं, मुलाची गरज म्हणून नाही, हा त्यांचा आक्षेप. लिहिण्याची मुळं त्यांना हाताच्या वळणात दिसली नाहीत. ती दिसली हावभावात, काठीला घोडा समजण्याच्या खेळात, चित्रात. मूल चित्र काढतं तेव्हा ते रेघांनी गोष्ट सांगत असतं, आणि गोष्ट रेघांतून सांगता येते हा शोध त्याला लागला की अक्षर ही पुढची पायरी होते. आपल्या अंगणवाडीत आणि बालवाडीत मात्र चित्र म्हणजे लेखनाआधीचा विरंगुळा. आधीच आखून दिलेल्या आंब्यात पिवळा रंग भरायचा, तोही रेघेच्या बाहेर न जाता.

महाराष्ट्रात माँटेसरींची परंपरा आणली ती ताराबाई मोडकांनी, गिजुभाई बधेकांच्या भावनगरच्या शाळेतून. पण 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांबरोबर काम करताना त्यांना महागडी साधनं बाजूला ठेवावी लागली. शिंपले, बिया, पानं, खडे ही साधनं झाली, शाळाच गुरं चारणाऱ्या मुलांमागे कुरणावर गेली. या बदलाकडे आपण ‘स्वस्त साधनं’ एवढ्याच अर्थानं पाहिलं. खरं तर त्यात मोठा प्रश्न होता: शाळेत येण्याआधी या मुलाला काय येतं? पहिलीच्या आखीव कृतींचं उत्तर असतं, काही नाही. कोरी पाटी.

ही कोऱ्या पाटीची समजूत अर्जेंटिनाच्या एमिलिया फेरेरो यांनी आना तेबेरोस्की यांच्याबरोबर पुसून काढली. 1979 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात, अजून एकही अक्षर न शिकलेली मुलं लिखाणाविषयी काय काय अंदाज बांधतात ते नोंदवलं आहे. एक-दोन अक्षरांचा शब्द ‘वाचण्याजोगा’ नसतो, तेच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तर तो शब्द नसतो, मोठ्या वस्तूचं नाव लांब असायला हवं. अंदाज चूक आहेत, पण ते अंदाज आहेत. म्हणजे मूल विचार करतं आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी 1960 च्या दशकात अशाच निरीक्षणांवरून ‘उगवती साक्षरता’ ही कल्पना मांडली होती. बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव, एस.टी.ची पाटी, मोबाईलवरची खूण ओळखणारं मूल वाचत नाही, पण वाचनाच्या उंबरठ्यावर असतं. आपल्या वर्गात पहिल्या दिवशी ‘तुला काय वाचता येतं?’ असं कुणी विचारत नाही.

आता अक्षरांकडे येऊ, कारण इथे मराठीचा स्वतःचा गुंता आहे आणि तो इंग्रजी वादांच्या भाषांतरानं सुटत नाही.

आपला क्रम ठरलेला आहे. स्वर, मग व्यंजनं, मग बिनकाना-मात्र्याचे शब्द, मग काना, वेलांट्या, उकार, मात्रे, मग बाराखडी, शेवटी जोडाक्षरं. काही वर्गांत वर्णमालेऐवजी ‘ग म भ न’ असा आकारांच्या साम्यावरचा क्रम. तो हाताला सोपा आणि डोळ्याला अवघड, कारण एकसारखी दिसणारी अक्षरं मुलाच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. तक्त्यावर ‘ए’चा एडका, ‘ऐ’ची ऐरण, ‘औ’चं औत. शहरातल्या मुलानं यांतलं काहीच पाहिलेलं नसतं, आणि गावातलं मूल एडका पाहून ‘मेंढा’ म्हणतं. म्हणजे चित्रावरून अक्षर कळण्याऐवजी आधी चित्राचं नाव पाठ करावं लागतं. ‘ण’ला बाण आणि ‘ळ’ला बाळ, कारण या अक्षरांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. ‘ङ’ आणि ‘ञ’ला चित्रच नाही, तरी ती म्हणायची. बाराखडीतले कः खः गः सुद्धा म्हणायचे, कारण ती ओळ पुरी व्हायला हवी. दुःख आणि स्वतः सोडले तर त्यांचा उपयोग मुलाला बरीच वर्षं होणार नाही.

बिनकाना-मात्र्याच्या टप्प्यावरची वाक्यं कधी सलग वाचून पाहा. ‘कमल, ऊठ. मगन, गवत बघ. छगन, बदक धर.’ यांत सगळे हुकूम का? कारण मराठीत ‘आहे’, ‘होता’, ‘गेली’, ‘येते’ या सगळ्यांना काना-मात्रा-वेलांटी लागते. उरतात बस, ऊठ, बघ, कर, धर, चल. नाही म्हणायची सोय नाही, कारण ‘नाही’ला काना आणि वेलांटी लागते, ‘नको’ला काना आणि मात्रा. प्रश्न नाही, भूतकाळ नाही, म्हणून गोष्टही नाही. एका टप्प्याची सोय म्हणून भाषेचा असा सांगाडा मुलापुढे ठेवला जातो आणि तो काही महिने चालतो. या काळात मूल जे शिकतं ते इतकंच, की शाळेतलं वाचन हे घरच्या बोलण्यासारखं नसतं.

त्याच वेळी मुलाचं स्वतःचं नाव श्रेया, प्रतीक, कृष्णा किंवा लक्ष्मी असतं. ठरलेल्या क्रमानं गेलं तर आपलं नाव वाचण्याचा हक्क त्याला दुसरीत, जोडाक्षरांच्या धड्याला मिळेल. बऱ्याच बाई हा क्रम मुकाट्यानं मोडतात आणि पहिल्याच आठवड्यात नावाच्या पट्ट्या लावतात. चांगल्या शिक्षकांचं बरंच शहाणपण असंच नियमाबाहेर चालतं.

आता हिशेब मांडू. चौतीसच्या आसपास व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं; म्हणजे चारशेच्या वर आकार, जोडाक्षरं वेगळीच. रोमन लिपी शिकणाऱ्या मुलाला अक्षरांचा संच साधारण वर्षभरात हाताशी येतो. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अक्षरांवर पकड यायला तिसरी-चौथी उजाडते असं दिसलं, आणि शब्दातला एकेक सुटा ध्वनी वेगळा करण्याची जाणही तिथे सावकाश येते. देवनागरीची जातकुळी तीच. तेव्हा ‘आधी सगळी अक्षरं, मग गोष्टी’ हे धोरण प्रामाणिकपणे पाळलं तर गोष्ट तिसरीत येईल. दरम्यान पाठ्यपुस्तक थांबलेलं नसतं. दुसरीच्या पुस्तकात परिच्छेद आलेले असतात आणि वर्गात अजून ‘मला काना मा’ चाललेलं असतं. मागं पडलेलं मूल असं तयार होतं. त्याला काही येत नाही म्हणून ते मागं पडत नाही. त्याला ज्या पायरीवर थांबवलंय ती पायरी शाळेच्या वेळापत्रकापेक्षा लांब आहे.

बाराखडीच्या उजळणीचं आणखी एक दुखणं शिक्षकांच्या चांगलं परिचयाचं आहे. मूल ‘म मा मि मी मु मू’ धडाधड म्हणतं, पण पानावर एकटा ‘मु’ दाखवला की पुन्हा ‘म’पासून जिना चढू लागतं. पाठ झालेला क्रम आहे, अक्षराची ओळख नाही. शिवाय ‘काम’ वाचताना ‘कला काना का, म, काम’ अशी तीन वळणं घ्यावी लागतात. तेवढ्यात वाक्याचं टोक हातातून सुटतं. ऱ्हस्व वेलांटीची गंमत तर निराळीच. ती उच्चारात व्यंजनानंतर, लिहिताना आधी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांच्या 2002 मधल्या देवनागरीवरच्या अभ्यासात अशा शब्दांना वाचायला जास्त वेळ लागतो असं आढळलं. मराठीत चाकातला ‘च’ आणि चारमधला ‘च’ वेगळा, झाडातला ‘झ’ आणि झेंड्यातला ‘झ’ वेगळा, आणि बदकातला शेवटचा ‘क’ अर्धाच ऐकू येतो. ‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो’ हे आपलं लाडकं वाक्य पहिलीच्या वर्गात टिकत नाही.

या सगळ्याला कंटाळून जी दुसरी बाजू उभी राहिली तिची गृहीतकंही तपासायला हवीत. 1967 मध्ये केनेथ गुडमन यांनी वाचन हा अर्थाच्या आधारे अंदाज बांधण्याचा खेळ आहे असं मांडलं. त्यातून ‘समग्र भाषा’ चळवळ वाढली. चांगली पुस्तकं द्या, वाचून दाखवा, मूल जसं बोलायला शिकतं तसं वाचायलाही शिकेल. याच वर्षी जीन चॉल यांचं पुस्तक आलं आणि त्यात उलट निष्कर्ष होता: लिपीचं नीट, थेट शिक्षण मिळालेली मुलं पुढे असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाच्या 2000 सालच्या अहवालानंही तिकडेच कौल दिला. बोलणं माणसाला लाखो वर्षांच्या घडणीतून मिळालेलं आहे, लिपी पाच-सहा हजार वर्षांची. ती आपोआप येत नाही, विशेषतः ज्या घरात कागदच नाही तिथे. गोष्टीचं पान पाठ झालेलं मूल ओळीवरून बोट फिरवत ‘वाचतं’ तेव्हा कौतुक वाटतं. त्याच गोष्टीतला एक शब्द वेगळा लिहून दाखवला की खरं काय ते कळतं.

महाराष्ट्रात मुलानं स्वतः शिकण्याचा विचार ‘ज्ञानरचनावाद’ या नावानं गावोगाव पोचला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांनी मुलांना स्वतः करून शिकण्याला जागा दिली, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले, आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानं त्याला सरकारी बळ मिळालं. पुढे काय झालं ते वर्गांच्या फरशीवर दिसतं. फरशी रंगली, तिच्यावर बाराखडीचं चक्र आलं, बाटल्यांची झाकणं आणि अक्षरांच्या चिठ्ठ्या आल्या. मुलं खडूऐवजी झाकणं लावून तेच ‘कला काना का’ करू लागली. साधन बदललं, गृहीतक तसंच. मूल हातानं काहीतरी करतंय म्हणजे ते ज्ञान रचतंय, हेही एक गृहीतकच आहे आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते फार आवडतं.

गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलेली गोष्ट साधी आहे. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार महत्त्वाचा, बेरीज नव्हे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. अक्षरवादी दुसरा घटक गृहीत धरतात, अर्थवादी पहिला. आपल्याकडच्या भांडणात दोघंही एकमेकांचं शून्य दाखवण्यात पटाईत आहेत.

या वादाला आपल्या मातीतला पुरावा मिळाला तो 2011 ते 2016 या काळात. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीतल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. वाड्यात नीलेश निमकरांची ‘क्वेस्ट’ ही संस्था सोबत होती. त्यात दिसलं ते असं: वर्गातला वेळ बहुतांश अक्षरांवर आणि उतरवून घेण्यावर जातो. एवढा वेळ देऊनही तिसरीच्या अखेरीला कितीतरी मुलांना लिपी उलगडत नाही. आणि स्वतःचं बोलायला-लिहायला संधी जवळपास मिळत नाही. अक्षरांना भरपूर वेळ दिला म्हणून अर्थ मागं पडला, ठीक. पण अक्षरंही आली नाहीत, हे यातलं खरं झोंबणारं आहे. अर्थाचा बळी देऊनही सौदा फसला.

याला उतारा आधीपासून इथेच होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि पुढे कमला निंबकर बालभवन. अमेरिकेतून आलेल्या या भाषावैज्ञानिक बाईंना मराठीची लिपी आणि फलटणच्या वस्त्यांतली मुलं दोन्ही आतून माहीत होती. तिथल्या कामातून आणि पुढे ‘क्वेस्ट’च्या साहित्यातून जी वाट रुळली ती अशी: वर्णमालेचा क्रम सोडा. मोजकी, पुन्हा पुन्हा लागणारी अक्षरं घ्या, त्यांच्याबरोबरच काना आणि एखादी वेलांटी घ्या, आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांतून खरे शब्द, खरी वाक्यं होऊ द्या. ‘ा’, ‘ी’ आणि ‘े’ इतके लवकर आले की हुकमांचं राज्य संपतं. आई येते, मामी जाते, माकड पळते. बाजूला रोज गोष्ट वाचून दाखवा, मुलांचं बोलणं फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा. अक्षरं नेमानं शिकवायची आणि अर्थाला एक दिवसही ताटकळत ठेवायचं नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी 1963 च्या ‘टीचर’मध्ये नोंदवलं होतं की मुलाच्या भीतीचा आणि मायेचा शब्द, म्हणजे ‘भूत’ किंवा ‘मुका’ असा, एकदा पाहिला की विसरला जात नाही. सोपा म्हणून निवडलेला शब्द मात्र रोज विसरला जातो. बदकानं बिचाऱ्यानं आपल्या मुलांचं काय केलंय की ते लक्षात राहावं?

एक गृहीतक इतकं मूळचं आहे की दोन्ही पक्षांना ते दिसत नाही. मुलाला पुस्तकातली मराठी आधीच येते, हे ते. मेळघाटातल्या कोरकू मुलाची भाषा मराठीच्या कुळातलीसुद्धा नाही, ती मुंडा भाषा. गडचिरोलीतली माडिया आणि गोंडी द्राविड कुळातल्या. नंदुरबारला भिली आणि पावरी, पालघरला वारली. या मुलाला ‘बदक’ उलगडून वाचता आलं तरी पलीकडे काही लागत नाही. गुणाकारातला दुसरा घटक शून्याजवळ असतो. तिथे पहिल्या वर्षाचं मुख्य काम बोलण्याचं, ऐकण्याचं, दोन भाषांत ये-जा करण्याचं असायला हवं, आणि शिक्षकाला मुलाची भाषा निदान कळायला हवी. ‘घरी बोलता तसं इथं बोलू नका’ हे वाक्य मात्र अहिराणी आणि वऱ्हाडी मुलांनाही ऐकावं लागतं, ज्यांची बोली मराठीच्या इतकी जवळची आहे.

लेखनाकडे आल्यावर गृहीतकं आणखी घट्ट होतात. आपल्या शाळेत ‘शुद्धलेखन’ म्हणजे पुस्तकातला उतारा रोज पानभर उतरवणं. तिसरीतलं मूल वर्षभरात शेकडो ओळी लिहितं, त्यांतली स्वतःची एकही नसते. ओळ डोळ्यांनी पाहून अक्षर-अक्षर उतरवताना वाचावंही लागत नाही. वाचता न येणारी मुलं सुंदर उतरवतात हे शिक्षकांना चांगलं माहीत आहे. याउलट मूल स्वतः लिहू लागलं की चुका होतात. ‘पानि’, ‘मि गेलो’, ‘झाल’, ‘शाळत’. लाल पेननं हे भरून टाकायचं की यातून काय कळतं ते पाहायचं? चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये अमेरिकन मुलांच्या स्वनिर्मित स्पेलिंगचा अभ्यास केला तेव्हा त्या चुकांमागे ध्वनीचं बारीक निरीक्षण सापडलं. मराठी मुलांचंही तसंच. ‘पानि’ लिहिणाऱ्या मुलाच्या घरी ‘ण’ नाही आणि शेवटची वेलांटी दीर्घ हा नियम त्याच्या कानाला ऐकूच येत नाही. तो 1962 च्या लेखन नियमांतला आहे, आवाजातला नव्हे. म्हणजे मूल ऐकलं तसं अचूक लिहितं आहे. नियम शिकवायचाच आहे, पण दोन वर्षांनी शिकवला तर बिघडत नाही. आज शिकवला तर मूल एवढंच शिकतं की ज्या शब्दाची खात्री नाही तो लिहू नये. मग पाचवीतल्या निबंधातले सगळे पावसाळे एकसारखे का असतात याचं आपल्याला नवल वाटतं.

आता मोजमापाविषयी, कारण सध्या सगळ्यांत मोठा धाक त्याचा आहे. मुलांना काय येतं याची ‘असर’ ही पाहणी 2005 पासून एका साध्या कागदावर चालते: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के. या कागदानं देशाला प्रश्न दाखवला, त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत. पण मोजण्याची पट्टी वर्गात शिकवण्याची शिडी झाली. मुलं ‘अक्षर गटात’ आणि ‘शब्द गटात’ बसू लागली आणि अक्षर गटातल्या मुलाच्या हातात गोष्टीचं पुस्तक देणं निरर्थक ठरलं. पट्टी तयार करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेलाही हे अभिप्रेत नव्हतं. ‘प्रथम’च्या स्वतःच्या वर्गांत बाराखडीच्या तक्त्याबरोबर रोज परिच्छेद आणि गोष्टही असते.

5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या अभियानानं वेगाचं माप आणलं. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द, तिसरीत किमान 60, समजून. ‘समजून’ हा शब्द लक्ष्यात आहे. घड्याळ मात्र फक्त शब्द मोजतं. शिवाय शब्द म्हणजे काय? हिंदीतलं ‘राम के लिए’ हे तीन शब्द, मराठीत ‘रामासाठी’ एकच. ‘घर से’ दोन, ‘घरापासून’ एक. आपले शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्द लांबतात, आणि मिनिटाला साठ मराठी शब्द वाचणाऱ्या मुलानं हिंदीतल्या मुलापेक्षा बरंच जास्त वाचलेलं असतं. एनसीईआरटीच्या 2022 च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात वीस भाषांसाठी वेगवेगळे मापदंड ठरवले गेले, ते याच कारणानं शहाणपणाचं होतं. पण आकडा एकच आणि गोल असला की भिंतीवर लावायला बरा पडतो.

पुस्तकांचं दारिद्र्य ही जुनी सबब आता पुरेशी नाही. माधुरी पुरंदरेंची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ यांतली मुलं ओळखीच्या मराठीत बोलतात. ‘वाचू आनंदे’ आणि ‘लिहावे नेटके’ ही पुस्तकं आहेत. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015 पासून मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत. बऱ्याच शाळांत पुस्तकं आली आहेत आणि कपाटात आहेत, कारण फाटली तर हिशेब द्यावा लागतो. आणि कारण ‘यांना अजून वाचता येत नाही’.

2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात रोजच्या भाषेच्या तासाचे चार भाग सुचवले आहेत: बोलणं, शब्द ओळखणं, वाचन आणि लेखन, चारही पहिल्या दिवसापासून. कागदावर पायऱ्या मोडल्या आहेत. पण चार इयत्ता आणि दोन शिक्षक असलेल्या शाळेत, मतदार यादीचं काम आलेल्या आठवड्यात, या चारांपैकी कुठला भाग आधी गळतो ते वेळापत्रक न बघताही सांगता येतं. अक्षरांचा गळत नाही, तो तपासला जातो. गोष्ट वाचून दाखवायची आणि मुलांनी आपलं लिहायचं, हे दोन गळतात. पर्यवेक्षण करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या नोंदवहीत या दोन्हींसाठी एकेक रकाना करायला काही खर्च येत नाही. त्या रकान्यात काय भरायचं, हे आधी केंद्रप्रमुखांना शिकवावं लागेल, आणि ते प्रशिक्षण अजून कुणाच्याच वार्षिक आराखड्यात दिसत नाही.